आठवीनंतरची हजेरी आणि धंदेशिक्षणाविषयीचे गैरसमज

परभणीहून जिंतूरकडे निघालं की झरीनंतर बोरी लागतं. काळ्या जमिनीचा, सोयाबीन आणि कापसाचा हा पट्टा. अशा भागात माध्यमिक शाळेची हजेरी शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पिकाच्या वेळापत्रकावर जास्त हलते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी येते, तिच्या मागोमाग कापसाची वेचणी सुरू होते आणि ती संपता संपता हरभरा, ज्वारी काढायला येतात. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जेव्हा भरात यायचं, तेव्हाच घराला हातांची सर्वांत जास्त गरज असते. वर्ग रिकामे दिसले की एक निष्कर्ष ठरलेला असतो : ‘इथल्या पालकांना शिक्षणाची किंमतच नाही.’ शिक्षक हे म्हणतात, अधिकारी म्हणतात, शहरात स्थिरावलेले गावकरी तर फारच खात्रीने म्हणतात. पण याच भागातली कुटुंबं, जमेल तेव्हा, कर्ज काढून किंवा जमिनीचा तुकडा विकून मुलाला लातूर-नांदेडच्या शिकवण्यांना पाठवतात. शिक्षणाची किंमत न कळणारा माणूस असलं धाडस करत नाही. पालक हिशोब करतात. वेचणीची मजुरी किलोवर ठरते आणि लवकर हातात पडते. नववीतल्या मुलीचा एक दिवस शाळेत गेला तर त्यातून घराला काय मिळतं, याचं उत्तर शाळेला देता येत नाही. ते उत्तर काय असू शकेल, हा या लेखाचा विषय. ते शोधायचं तर आधी वाटेत आडव्या पडलेल्या काही समजुती बाजूला कराव्या लागतात.

त्यातली सर्वांत सोयीची समजूत म्हणजे पटावर नाव आहे म्हणजे मूल शिकतं आहे. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. त्यांपैकी ८६.८ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेत दाखल होती. आकडा वाचून बरं वाटतं. पण त्याच मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचू शकत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं गणित निम्म्याहून कमी मुलांना, ४३.३ टक्क्यांना, सुटलं. पट भरलेला आणि पाटी कोरी, असं हे चित्र. दाखला आणि शिक्षण यांच्यामध्ये हजेरी नावाची गोष्ट असते. पटसंख्या मोजायला सोपी, शासनाला दाखवायला सोपी, म्हणून चर्चा तिचीच होते. हजेरी रोज मोजावी लागते, आणि ती खरी मोजली तर अडचणीचे प्रश्न निघतात.

दुसरी समजूत कायद्याविषयीची आहे. ‘आता शिक्षण सक्तीचं आहे, मग मुलं घरी राहतातच कशी?’ असं बरेच जण विचारतात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. मुलाची केवळ नोंदणीच नव्हे तर उपस्थिती आणि प्राथमिक शिक्षणाची पूर्तता पाहण्याची जबाबदारीही त्याने शासनावर टाकली, मात्र ती आठवीपर्यंत. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. समग्र शिक्षा योजनेतली मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीपर्यंत. आणि बालमजुरीविरोधी कायदा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी घालतो. १४ ते १८ वयासाठी ती बंदी धोकादायक कामांपुरती आहे. हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं की ध्यानात येतं : मूल नववीत जातं त्याच सुमारास शाळेत ठेवणारे आधार एकामागून एक सुटतात आणि कामावर जाण्याची वाट मोकळी होते. नववी-दहावीची गळती हा पालकांच्या मनोवृत्तीचा दोष मानण्याआधी धोरणातली ही फट पाहायला हवी. मुलींसाठी काही पूल आहेत, एसटीच्या मोफत प्रवासाची अहिल्याबाई होळकर योजना आणि मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली, आणि त्यांचा उपयोगही झाला आहे. पण सायकल शाळेपर्यंत नेते. तिथे बसावंसं का वाटावं, हा प्रश्न शाळेने सोडवायचा असतो.

‘मग नियम कडक करा’ हा त्यावरचा नेहमीचा तोडगा. नियम आहेच. राज्य मंडळाच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचं तर ७५ टक्के उपस्थिती लागते. वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास दिवस शाळा भरते असं धरलं तर पंचावन्न-साठ दिवसांची मुभा मिळते आणि काढणी-वेचणीच्या हंगामात ती सहज खर्ची पडते. त्यानंतर मुख्याध्यापकांपुढे दोनच वाटा उरतात. मुलाला परीक्षेपासून रोखायचं, म्हणजे त्याची शाळा कायमची सुटणार. नाहीतर हजेरीपटावर डोळेझाक करायची. बहुतेक जण दुसरी वाट धरतात, आणि माणुसकीच्या दृष्टीने ते चूक म्हणवत नाही. नियमाचा दुसरा पराभव अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत दिसतो. प्रवेश गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुलगा दोन वर्षं शहरातल्या शिकवणीत, ही पद्धत मराठवाड्याला नवी नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच दुखण्यावर. वर्ग ओस पडायचे थांबले नाहीत. गंमत अशी, की कापूस वेचणारी मुलगी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ची तयारी करणारा मुलगा यांचं वागणं एकाच तर्काचं आहे : वर्गातल्या दिवसापेक्षा बाहेरचा दिवस जास्त उपयोगाचा. एकीला आपण अनास्था म्हणतो, दुसऱ्याला महत्त्वाकांक्षा.

तेव्हा वर्गातल्या दिवसाची किंमत वाढवणं हाच खरा इलाज, आणि तिथे माध्यमिक शाळेतल्या व्यवसाय शिक्षणाचा प्रश्न येतो. इथला गैरसमज सर्वांत घट्ट आहे : धंदेशिक्षण हे नापासांसाठी असतं. हा समज लोकांनी स्वतःहून करून घेतला असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, कारण व्यवस्थेनेच तो छापून दिला. काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘अनुत्तीर्ण’ हा शेरा काढला गेला. मुलांच्या मनावर शिक्का बसू नये हा हेतू चांगलाच होता. पण त्याच्या जागी आलं काय? ‘कौशल्य विकास कार्यक्रमास पात्र’. म्हणजे ज्याला गणित-इंग्रजी जमलं नाही तो कौशल्याला पात्र. ज्याला जमलं त्याला त्याची गरज नाही. गवंडी, वायरमन, परिचारिका, सुतार यांच्याविषयी याहून मोठा गैरसमज एका ओळीत मावणं कठीण आहे. थ्री-फेज मोटारीचं वायंडिंग करणाऱ्याला मोजमाप लागतं, गुणोत्तर लागतं, इंग्रजीतली सूचनापत्रिका वाचावी लागते. नापासाला तिकडे पाठवणं म्हणजे त्याचा कच्चा विषय तसाच ठेवून त्याच विषयावर उभ्या असलेल्या कामात त्याला ढकलणं.

आणि याच राज्यात, याच मंडळाखाली, नेमका उलटा अनुभव डोळ्यांसमोर आहे. १९७८-७९ पासून अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम चालतो, ज्याला सगळे ‘बायफोकल’ म्हणतात. एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून त्यांच्या जागी २०० गुणांचा व्यावसायिक विषय घ्यायचा : इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र वगैरे. शहरातल्या नामांकित महाविद्यालयांत संगणकशास्त्राच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या या जागांसाठी नव्वद टक्क्यांच्या पुढची मुलं रांग लावतात. तिथे कुणी म्हणत नाही की हा विषय नापासांचा. हेही व्यवसाय शिक्षणच. फरक एवढाच, की एका ठिकाणी तो विषय शिक्षणाच्या आत बसवला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी शिक्षणातून बाहेर पडणाऱ्यांच्या हाती दिला गेला. प्रतिष्ठा विषयाला मिळते ती त्याच्या जागेवरून.

‘एकदा ती वाट धरली की पुढचं शिक्षण बंद’ ही भीतीही पालकांना असते. ती अर्धी खरी आहे, म्हणून नीट सांगायला हवी. बारावीला भौतिकशास्त्र-गणित किंवा जीवशास्त्र नसेल तर बारावीनंतर थेट अभियांत्रिकी पदवीची आणि वैद्यकीय शाखेची दारं बंद होतात. यात लपवण्यासारखं काही नाही. पण बाकीचे रस्ते बरेच उघडे आहेत. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे. तोच विद्यार्थी मंडळाची भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावी समकक्ष ठरू शकतो आणि पुढे पदवीला जाऊ शकतो. १९८८-८९ मध्ये किमान कौशल्यावर आधारित म्हणून सुरू झालेले, एमसीव्हीसी या नावाने ओळखले जाणारे बारावीचे अभ्यासक्रम आहेत. त्यातल्या तांत्रिक गटांनाही थेट दुसऱ्या वर्षाची ही वाट मिळते. दहावीनंतर शेतीकडे जायचं असेल तर कृषी तंत्र पदविका आहे. नववी-दहावीला राज्य मंडळाच्या शाळांत राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार जे विषय आहेत, ऑटोमोटिव्ह, आरोग्यसेवा, शेती, पर्यटन, मल्टी स्किल वगैरे, ते तर दहावीच्या प्रमाणपत्राचाच भाग असतात. ते घेतल्याने कुणी ‘वेगळ्या’ बोर्डात जात नाही. अडचण माहितीची आहे. शाळेतले विषय शालेय शिक्षण खात्याकडे, आयटीआय आणि एमसीव्हीसी कौशल्य खात्याच्या संचालनालयाकडे. एका खात्याचा शिक्षक दुसऱ्या खात्याची वाट सांगेलच याची खात्री नाही. पालकांना मग गावातल्या कुणाच्या तरी पुतण्याच्या अनुभवावर निर्णय घ्यावा लागतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तो गैरसमज म्हणून झटकता येत नाही. गरिबाच्या मुलाला हाताचं काम आणि सुस्थितीतल्याच्या मुलाला पुस्तक, अशी विभागणी शाळेनेच पक्की करायची का? जातीने ठरवलेले धंदे शाळेच्या दारातून परत आणायचे का? हा संशय इतिहासातून आलेला आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली : शाळेचे तास कमी, आणि उरलेल्या वेळात मुलाने घरी आई-वडिलांचा धंदा शिकायचा. लोकांनी तिला ‘कुलक्कल्वि’ म्हटलं, म्हणजे कुळाचं शिक्षण. प्रचंड विरोध झाला, १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी योजना मागे घेतली. विरोध रास्तच होता. त्या योजनेत शाळेचा वेळ कापला जात होता, आणि मुलाने काय शिकायचं ते त्याचा जन्म ठरवत होता.

परंतु हाताच्या कामाला शाळेत जागा मागणाऱ्यांत महात्मा फुलेही आहेत, हे विसरून चालणार नाही. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करावं असं म्हटलं, आणि ग्रामीण शाळेच्या अभ्यासक्रमात वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोल, व्याकरण यांच्या जोडीने शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले. जोडीने, बदल्यात नव्हे. राजाजी आणि फुले यांच्यातलं अंतर त्या एका शब्दात आहे. फुल्यांची ती मागणी चालून दाखवणारा प्रयोग महाराष्ट्रातच उभा राहिला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा आठवी ते दहावीचा विषय घडला. राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली आणि तो इतर अनेक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं चार क्षेत्रांत काम करतात : शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य. महत्त्वाची अट अशी, की चारही क्षेत्रं सगळ्यांनी करायची. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा पदार्थ बनवतो, शेतकऱ्याचं पोर वायरिंग करतं आणि व्यापाऱ्याचं पोर माती तपासतं. शिवाय शिकता शिकता मुलं गावाला लागणारी छोटी कामं प्रत्यक्ष करून देतात. तिथे कुळाचा धंदा कुणाच्या वाट्याला नेमून दिलेला नाही. जातीच्या आक्षेपाला माझ्या मते हेच उत्तर आहे : हाताचं काम काहींना दिलं तर तो जुना अन्याय होतो, सगळ्यांना दिलं तर त्या अन्यायावरचा उपाय होतो. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही जीवसृष्टीशी, यंत्र-साहित्याशी आणि मानवी सेवांशी निगडित असे तिन्ही प्रकारचं काम सर्व मुलांसाठी सुचवलं आहे. कागद योग्य दिशेने आहे.

उत्साही मंडळींचाही एक गैरसमज आहे, तोही सोडता कामा नये : व्यवसाय विषय सुरू केला की हजेरी वाढेल आणि नोकऱ्या लागतील. पुरावा इतका सरळ नाही. अमेरिकेत ‘करिअर अकॅडमी’ नावाचे हायस्कूलमधले विभाग आहेत, जिथे एका व्यवसायक्षेत्राभोवती नेहमीचे विषय गुंफलेले असतात. नऊ शाळांतल्या अशा विभागांत अर्जदार जास्त आणि जागा कमी असल्याने प्रवेश चिठ्ठ्या टाकून ठरला आणि एमडीआरसी या संशोधन संस्थेने दोन्ही गटांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शाळा सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असलेल्या मुलांत गळती ३२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली. शाळा संपल्यानंतरच्या आठ वर्षांत अकॅडमीतल्यांची कमाई सरासरी ११ टक्क्यांनी जास्त होती. मात्र शेवटी हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, आणि परीक्षेच्या गुणांत फरक पडला नाही. म्हणजे फायदा आहे, पण जादू नाही. दुसरीकडे अर्थतज्ज्ञ एरिक हानुशेक आणि सहकाऱ्यांनी ११ देशांच्या आकडेवारीवरून २०१७ मध्ये दाखवलं, की निव्वळ व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना पहिली नोकरी लवकर मिळते, पण वय वाढल्यावर, तंत्रज्ञान बदलल्यावर, सामान्य शिक्षण घेतलेल्यांच्या मानाने ते मागे पडतात. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. पहिल्या प्रयोगात व्यवसाय विषय गणित-भाषेच्या सोबत होता. दुसऱ्यात तो त्यांच्या जागी होता. पुन्हा ‘जोडीने’ आणि ‘बदल्यात’ हाच फरक. दुसरीचं वाचन न येणाऱ्या मुलाच्या हाती पान्हा दिला आणि वाचन तसंच सोडलं, तर आपण त्याला वयाच्या चाळिशीसाठी निकामी करतो आहोत.

आपल्याकडे मुळात प्रमाणच किती आहे, तेही पाहावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज उद्धृत केला : १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले भारतात ५ टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांपर्यंत हा अनुभव नेण्याचं ठरवलं. ‘असर’च्या पाहणीत व्यवसाय प्रशिक्षण घेणारी मुलं ५.६ टक्के होती, आणि त्यातलीही बहुतेक सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या अभ्यासक्रमातली. तफावत बोलकी आहे.

‘बोरीला कारखाने कुठे आहेत, काय शिकवणार?’ हा प्रश्न उरतो. कारखान्याशिवाय धंदा नाही, हाही गैरसमजच. शेतीपंपाच्या मोटारी, ठिबकच्या नळ्या, ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, दुचाक्या या बोरीच्या परिसरात रोज बिघडणाऱ्या वस्तू आहेत. सौर कृषी पंप गावोगाव बसले. त्यांची देखभाल करणारे हात अजून पुरेसे नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी १९७२ मध्ये स्थापन झालेलं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या ‘परभणी क्रांती’ भेंडीचं नाव देशभर पोहोचलं. बीजोत्पादन, रोपवाटिका, सोयाबीन प्रक्रिया, शेळीपालन यांचं ज्ञान इतकं जवळ असताना माध्यमिक शाळेतलं मूल ते पुस्तकातल्या आकृतीवरून शिकतं, ही दरिद्री व्यवस्था आहे. जड गोष्ट वेगळीच आहे : शिकवणारा माणूस. शाळांतले व्यवसाय प्रशिक्षक बहुतेक ठिकाणी बाह्य संस्थेमार्फत, कंत्राटी पद्धतीने नेमले जातात. कंत्राट रखडलं की प्रशिक्षक नाही, प्रशिक्षक नसला की प्रयोगशाळेला कुलूप. मग ज्या विषयासाठी मूल शाळेत यायचं तोच तास मोकळा जातो आणि पालकाचा हिशोब पुन्हा वेचणीच्या बाजूने झुकतो. ऊसतोडीला स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं जशी आपण केली, तसा कापसाच्या हंगामाचाही विचार वेळापत्रकात करता येईल. प्रात्यक्षिकांचे सलग दिवस नोव्हेंबर ते जानेवारीत ठेवले तर हजेरी सर्वांत जास्त गळणाऱ्या महिन्यांत शाळेकडे ओढ लावणारं काहीतरी असेल. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. मुख्याध्यापकाला मोकळीक हवी.

बोरीच्या आणि अशा प्रत्येक गावच्या पालकांना म्हणूनच एवढंच सांगणं : शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत पटसंख्या विचारू नका. नववीला व्यवसाय विषय आहे का, त्याचा प्रशिक्षक आज शाळेत आहे का, आणि मागच्या महिन्यात मुलांनी स्वतःच्या हाताने काय केलं, हे तीन प्रश्न विचारा. विषय नसेल तर मागणीचा ठराव लेखी करा आणि त्याची पोच घ्या.